माळरानाची राखण : कळस परिसरातील राखीव वनांचा इतिहास व आपली जबाबदारी



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा व वैयावृत्त्य या विषयांवर मान्यवरांचे लेख वाचावयास मिळतीलच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. आपल्या गावांच्या सीमेला लागून असलेल्या, पण सहसा कोणाच्याही चर्चेत नसलेल्या माळरानाचा हा इतिहास आहे. इंदापूर तालुक्यातील कळस, कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ, सुपे या परिसरातील वनजमिनी कशा राखल्या गेल्या, त्या राखताना काय साधले व काय निसटले, आणि जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाने त्यातून कोणता बोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन नद्यांमधील माळ

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा. या दोन नद्यांच्या मध्ये उंचसखल, मुरमाड, खडकाळ पठार पसरले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस जेमतेम, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. काळ्या बेसॉल्ट खडकावर मातीचा थर वीतभरही नसेल अशा जमिनी येथे पुष्कळ आहेत. अशा भूमीवर निसर्गानेच घनदाट अरण्य निर्माण केले नाही. त्याने गवत निर्माण केले. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही येथील गवते. मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ आणि तरवडाची झुडपे. उन्हाळ्यात हा माळ पाहणाऱ्यास तो मृतवत् वाटतो. परंतु मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत तोच माळ हिरवा शालू नेसतो.

हा माळ निर्जन वाटला तरी निर्जीव नाही. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड, ससा हे येथील रहिवासी. चंडोल, धाविक, माळटिटवी जमिनीवरच उघड्यावर अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात आणि गवतावरून संथपणे तरंगत राहतात. या सर्वांना झाडी नको असते. त्यांना दूरवर दिसणारे मोकळे गवत हवे असते. चिंकाऱ्याचे संरक्षण त्याच्या शिंगांत नसून त्याच्या नजरेत व पायांत आहे. शत्रू दुरून दिसला तरच तो वाचतो.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशाचे भवितव्य पालटले. भाटघरच्या पाण्यावर अवलंबून असलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि कालव्याखालील जमिनी बागायती झाल्या. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद दोशी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कळंबच्या माळावर उसाची शेती व साखर कारखाना उभारला. त्यातूनच आजचे वालचंदनगर निर्माण झाले. पुढे १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. पाणी पोहोचले तेथे ऊस आला, वस्ती आली, रस्ते आले. आपल्या समाजाची या तालुक्यातील भरभराटही या पाण्याशी निगडित आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पाणी जेथे चढले नाही, तेथे माळ उरला. आज जो माळ वनविभागाच्या ताब्यात आहे, तो या बदलातून शिल्लक राहिलेला तुकडा होय.

कुरणापासून राखीव वनापर्यंत

गवताची जमीन राखून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीत पागेच्या घोड्यांसाठी आणि बैलांसाठी सरकारी कुरणे असत. कुरण म्हणजे पावसाळ्यात जनावरांस बंद ठेवलेली व गवत पिकल्यावर कापणीसाठी खुली होणारी जमीन. यातील शहाणपण साधे आहे. गवताला फुलोरा येऊन बी जमिनीवर पडेपर्यंत त्याला पाय लागू नये. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण त्या काळात हरितकाय व सूक्ष्म जीव भूमीवर विपुल असतात. कुरणाचा नियम वेगळ्या हेतूने घातलेला असला, तरी दोहोंचे आचरण सारखेच आहे : पावसाळ्यात पाऊल आवरणे.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनखाते स्थापन झाले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे पहिले प्रमुख. १८७८ च्या वन कायद्याने वनांची वर्गवारी केली. तीच पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कायम राहिली. ही वर्गवारी समजून घेण्यासारखी आहे. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगी दिलेले नाही ते सर्व निषिद्ध असते; चराई, तोड, आग, अतिक्रमण सर्वच. संरक्षित वनात जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही ते चालते. नावांत थोडासाच फरक असला, तरी शेजारच्या गावाच्या जीवनात या फरकाने मोठे अंतर पडते.

हे अंतर कोणी सोसले, याचीही नोंद इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्याने गायराने व पडीक जमिनी ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरण्यास जागा उरली नाही, अशी तक्रार केली आहे. त्याआधी आठच वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, याच परिसरातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जरोखे जाळले. ते सावकार गुजराती व मारवाडी व्यापारी होते. ही आठवण आपल्या समाजास सुखावह नाही, तथापि ती टाळणेही योग्य नाही. कोरडवाहू भागातील माणूस जेव्हा चराई, चारा व कर्ज या तिन्ही बाजूंनी कोंडला जातो, तेव्हा कोणतेही रक्षण टिकत नाही; ना पेढीचे, ना वनाचे.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. त्याने राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य या दोन श्रेणींना देशभर एकसारखा कायदेशीर आधार दिला. चिंकारा व लांडगा या दोघांनाही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन अन्य कामास वापरण्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता आवश्यक केली. २००२ मधील दुरुस्तीने स्थानिक जनतेच्या सहभागाने चालवावयाचे संवर्धन राखीव क्षेत्र व सामुदायिक राखीव क्षेत्र असे आणखी दोन मार्ग खुले केले.

तीन क्षेत्रांचा अनुभव

आता आपल्या आसपासच्या तीन संरक्षित क्षेत्रांचा अनुभव पाहू.

पहिले क्षेत्र नान्नजचे माळढोक अभयारण्य. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे माळढोक पक्षी असल्याचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात लोकांच्या नजरेस आणले. १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आपल्या शेजारचा करमाळा तालुकाही त्यात आला. या सीमेत गावे आली, शहरे आली, बागायती शेतेही आली. जमिनीचे व्यवहार, विहिरी, रस्ते यांवर निर्बंधांचे सावट पडले आणि ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या रानात माळढोक निर्धास्त फिरत असे, त्यालाच तो पक्षी नकोसा वाटू लागला. २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. तोपर्यंत उशीर झाला होता. महाराष्ट्रातून माळढोक आज जवळजवळ नाहीसा झाला आहे.

दुसरे क्षेत्र कर्जत तालुक्यातील रेहेकुरी. १९८० मध्ये काळविटांसाठी जाहीर झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. तेथे काळवीट वाचला, इतका की तो सीमेबाहेर शेतांत येऊ लागला.

तिसरे क्षेत्र आपल्या अगदी जवळचे. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्यास नाव मिळाले. चिंकारा पाहण्यासाठी आज तेथे दूरदूरून लोक येतात. परंतु चिंकाऱ्याला ही सीमा ठाऊक नाही. तो सकाळी अभयारण्यात, तर संध्याकाळी शेजारच्या पडीक रानात असतो. लांडग्याचे तर बोलायलाच नको. एका कळपाला शेकडो चौरस किलोमीटर फिरावयास लागते. पाच चौरस किलोमीटरचे अभयारण्य ही त्याच्या दृष्टीने वाटेवरची धर्मशाळा होय, घर नव्हे.

नान्नजची सीमा कागदावर फार मोठी होती, तर रेहेकुरी व सुप्याची सीमा भूमीवर फार लहान आहे. प्राण्याला केवळ घोषणेने जीवदान मिळत नाही. सीमेच्या आत गवताची योग्य निगा आणि सीमेच्या बाहेर शेजाऱ्याची संमती, या दोन गोष्टी असतील तरच त्या घोषणेस अर्थ येतो.

कळस-कडबनवाडीचा मार्ग

या दृष्टीने कळस व कडबनवाडीच्या परिसरात जे घडत आहे ते विशेष लक्षणीय आहे. येथील वनक्षेत्राला अभयारण्याचा दर्जा नाही. तरीही चिंकारा, लांडगा, तरस व खोकड येथे टिकून आहेत. त्यास दोन कारणे आहेत. वनविभागाने हा माळ बऱ्याच अंशी गवताळच राहू दिला, हे एक. दुसरे म्हणजे येथील धनगर-मेंढपाळांची पिढ्यान् पिढ्यांची सहनशीलता. लांडगा एखादे कोकरू नेतो, हे मेंढपाळ जाणून असतो. तो कुत्री पाळतो, रात्री कळपाभोवती जाळी लावतो, जागतो. लांडग्याने पशुधन मारल्यास शासनाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तथापि पंचनामा व कागदपत्रे यांच्या खटाटोपात अनेकदा मेंढपाळ तिच्या वाट्यास जातच नाही.

२०२३-२४ च्या सुमारास पुणे वनविभागाने कडबनवाडी व शिर्सुफळ येथे 'गवताळ प्रदेश सफारी' सुरू केली. ठरावीक मार्गांनी, नोंदणी करून, स्थानिक तरुण मार्गदर्शकासह माळ पाहावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. पूर्वी छायाचित्रकारांच्या गाड्या वाटेल तिकडून माळावर शिरत, लांडग्याच्या बिळापर्यंत जात; आता त्यास शिस्त लागण्याचा मार्ग मोकळा झाला. याहून महत्त्वाचे असे की, माळ जिवंत राहिल्यास गावातील मुलास चार पैसे मिळतात, हे गावाला प्रत्यक्ष दिसू लागले. शेजाऱ्याची संमती ती हीच.

संकटे मात्र संपलेली नाहीत. कुक्कुटपालनाचे टाकाऊ पदार्थ उघड्यावर फेकले जातात. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात व लांडगेही तेथे येतात. कुत्र्यांपासून पिसाळ व डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांत शिरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पुणे जिल्ह्यातील माळरानावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे सिद्ध झाले. भारतात लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार आहे, असा २०२२ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. इतक्या अल्पसंख्य जातीत संकर सुरू झाला तर मूळ वंशच लुप्त होण्याचा धोका असतो. अभयारण्याच्या पाच किलोमीटर परिघातील पाळीव जनावरांचे लसीकरण करावे, अशी तरतूद वन्यजीव कायद्यात १९९१ पासून आहे. जेथे अभयारण्यच नाही, अशा कडबनवाडीसारख्या क्षेत्रात मात्र हे काम शेजारी गावांच्या व संस्थांच्या सद्बुद्धीवरच अवलंबून राहते.

झाड लावण्याचा मोह

येथे एक कटू अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वृक्षारोपण कार्यक्रमात मीही उत्साहाने सहभागी झालो होतो. माळावर ओळीने खड्डे घेतले होते. आम्ही रोपे लावली, पाणी घातले, छायाचित्रे काढली. कडेला मेंढ्या घेऊन उभे असलेले एक वृद्ध मेंढपाळ शांतपणे पाहत होते. परतताना मी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "शेठ, झाडं लावा, नाही म्हणत नाही. पण माझ्या मेंढरांचं अन् हरणांचं ताट कशापायी खणताय?" त्या वेळी मला त्यांचे म्हणणे पटले नाही. दोन उन्हाळ्यांनंतर पुन्हा त्या जागी गेलो. रोपे वाळून गेली होती. खड्डे तसेच होते, आणि खड्ड्यांतून उकरलेल्या मुरमावर गवताचे एक पातेही नव्हते.

हा दोष कोणा एका संस्थेचा नाही. इंग्रजी अमदानीपासून सरकारी दप्तरात गवताळ माळ 'पडीक' म्हणून नोंदला गेला. स्वातंत्र्यानंतरही देशातील पडीक जमिनींच्या गणनेत अशा माळांचा समावेश होत राहिला. जे पडीक, ते सुधारले पाहिजे, आणि सुधारणे म्हणजे झाडे लावणे, असा समज सर्वांच्याच मनात पक्का झाला. अनेक माळांवर गिरिपुष्पासारखी परकीय झाडे लावली गेली, समतल चर खोदले गेले. दाट झाडी वाढली की खालचे गवत मरते, दूरवरचे दिसेनासे होते, आणि चिंकारा ती जागा सोडून जातो. शुभ हेतूने केलेली ही हानी आहे. शास्त्रकारांनी श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण सांगितले आहे, म्हणजे ज्यातून काही साध्य होत नाही अशी हिंसा टाळणे. माळावरील खड्डा हा त्याचेच उदाहरण नव्हे काय?

वृक्षारोपण वाईट आहे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या काठी, मंदिराच्या प्रांगणात झाडे अवश्य लावावीत. मोकळ्या माळावर मात्र गवत हेच वन आहे. गवत हाही वनस्पतिकाय जीव आहे, ही शिकवण तर आपल्याला पाठशाळेच्या पहिल्याच वर्गात मिळते.

जीवदयेची परंपरा आणि माळ

संरक्षित क्षेत्र ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. बाराव्या शतकात गुजरातचा राजा कुमारपाल याने आचार्य हेमचंद्रांच्या प्रभावाने अमारी घोषणा केली. १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी गेले; त्यांच्या विनंतीवरून पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या आणि तेथील तलावातील मासेमारी बंद झाल्याचे परंपरा सांगते. काही दिवस व काही जागा अशा असाव्यात की जेथे मनुष्याने आपला हात आखडता घ्यावा, हाच त्यामागील भाव. मुंबईत १८३४ मध्ये पांजरापोळ स्थापन झाली, त्यातही आपल्या समाजाचा पुढाकार होता. १९७२ च्या दुष्काळात चारा-पाण्यासाठी धावून जाणारे हात आजही ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत.

पांजरापोळीतील गाय आपल्या दारी येते. तिला चारा घातला की मनाला समाधान लाभते. माळावरचा चिंकारा आपल्या दारी येत नाही. त्याला आपल्या हातचा चारा नको, त्याला आपला हात दूर हवा आहे. भगवान शांतिनाथांचे लांछन हरीण आहे. भगवान नेमिनाथांनी लग्नमंडपाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ माघारी वळवला. त्या प्रसंगी त्यांनी पशूंना खाऊ घातले नाही, त्यांना मोकळे केले. मुक्या जीवाला द्यावयाचे सर्वात मोठे दान अभयदान, ते हेच.

लांडग्याविषयी काही बांधवांच्या मनात प्रश्न येतो. जो स्वतः हिंसा करतो, त्याचे रक्षण आपण कशासाठी करावयाचे? प्रश्न प्रामाणिक आहे. व्रत हे जाणिवेने घेतले जाते. लांडग्याला तो विवेक नाही, आपल्याला आहे. त्याने चिंकारा मारला तर ते त्याचे कर्म. आपण त्याचे बीळ खणले, त्याच्या माळावर कचरा टाकला, तर ते आपले कर्म. शिवाय लांडगा नाहीसा झाल्याने माळावरील हिंसा थांबत नाही. त्याची जागा भटकी कुत्री घेतात आणि ती मेंढपाळाच्या दारातही येतात. जीव एकमेकांस उपकारक असतात, हा तत्त्वार्थसूत्रातील विचार माळावर उभे राहिल्यावर जितका स्पष्ट दिसतो तितका ग्रंथ वाचून क्वचितच दिसत असेल.

समारोप

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण अनेक संकल्प करणार आहोत. त्यात तीन लहान संकल्पांची भर पडावी, अशी नम्र विनंती आहे. पहिला, आपल्या ट्रस्टच्या नावे माळरानावर एकही खड्डा घेतला जाऊ नये; वृक्षारोपण गावात व शेताच्या बांधावर व्हावे, आणि वनक्षेत्राविषयी काहीही करावयाचे असल्यास प्रथम वनविभागास व माळाच्या शेजाऱ्यांस विचारावे. दुसरा, जीवदया निधीतून कळस-कडबनवाडी परिसरातील वाड्या-वस्त्यांवरील कुत्र्यांच्या लसीकरणास साहाय्य व्हावे. तिसरा, ज्या मेंढपाळाचे पशुधन लांडग्याने नेले, त्याचे भरपाईचे कागद करून देण्यास आपल्या समाजातील लिहिते-वाचते तरुण पुढे यावेत. दीडशे वर्षांपूर्वी याच भागातील कष्टकऱ्याला कागदाची भीती वाटे, आणि त्या कागदावर आपल्यासारख्यांची नावे असत. आज आपल्याच हातून त्याच्या हिताचा एक कागद लिहिला जावा, यासारखे प्रायश्चित्त आणि पुण्य दुसरे कोणते?

मंदिराचा कळस दुरून दिसतो. त्याखालचा पाया मातीत असतो आणि कोणाच्या नजरेस पडत नाही. कळस नावाच्या आपल्या गावाभोवतीचा हा उघडा, गवताळ माळ हा असाच एक पाया आहे. पावसाळ्यानंतर एखाद्या सकाळी तेथे जावे, वाटेवरच थांबावे आणि पाहावे. तांबूस गवतात एक चिंकारा मान वर करून आपल्याकडे पाहत असेल. आपण जागचे हललो नाही, तर तो पुन्हा खाली मान घालून चरू लागतो.

जय जिनेंद्र!